शेगडीच्या रेग्युलेटरवर विहिरीत उतरू नका

सांगली-साताऱ्याच्या गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: स्कूबाचा सेट, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घ्यायचा संच, लाखाच्या घरात जातो, पण घरी तो सात हजारांत होतो. रिकामी गॅसची टाकी घ्या, पंक्चरवाल्याकडून हवा भरा, शेगडीचा रेग्युलेटर बसवा, फवारणीची नळी जोडा, टोकाला स्नॉर्कलचं (पाण्यावर पालथं पोहताना श्वास घ्यायच्या नळीचं) तोंड लावा. मग विहिरीत पडलेली मोटर काढा, फूटव्हॉल्व्हला गुंडाळलेलं गवत काढा, पुरात माणसं वाचवा. सर्व्हिसिंग म्हणजे कंपन्यांची लूट, खोबरेल तेल लावलं की काम भागतं.

लिहिणाऱ्याला हत्यारं चालवता येतात, हे कळतं. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेल्या माणसाला यातली कुठलीही जोडणी अवघड नाही. अडचण जोडणीची नाहीच. दाब बारमध्ये मोजतात; जमिनीवर हवेचा दाब साधारण १ बार. पाण्यात दर १० मीटरला तो साधारण १ बारने वाढतो. म्हणजे १० मीटरवर छातीवर २ बार, आणि तोंडात येणारी हवाही तेवढ्याच दाबाची लागते. कमी पडली तर ओढता येत नाही, जास्त झाली तर थांबवता येत नाही. मेसेजमधली एकही वस्तू हे लक्षात घेऊन बनवलेली नाही. आता एकेक दावा घेऊ.

“गॅसची टाकी पुरेशी मजबूत असते”

गॅससाठी पुरेशी असते. १४.२ किलोच्या घरगुती टाकीत ३३.३ लिटर पाणी मावतं आणि तिची दाबचाचणी २५ बारच्या आसपास होते. स्कूबाची टाकी सांधा नसलेली, २०० बारची. गॅसची टाकी पत्रा वळवून वेल्ड केलेली. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८ बारपर्यंत भरतो असं धरू. पृष्ठभागावर मोजली तर ती २६६ लिटर हवा झाली. १० मीटरवर शेवटचा १ बार बाहेरच येत नाही, म्हणजे हाती आली २३३ लिटर. मोटरला दोर बांधायला झटणारा माणूस वर मिनिटाला २५ लिटर ओढतो, १० मीटरवर दुप्पट, म्हणजे ५०. पाच मिनिटंही होत नाहीत. १२ लिटरच्या स्कूबा टाकीत २०० बारला २४०० लिटर हवा असते. ५० बार राखून ठेवले तरी त्याच कामाला ३६ मिनिटं मिळतात.

त्यात ही टाकी बुडत नाही. तिचं लोखंड साधारण साडेपंधरा किलोचं आणि ती जागा व्यापते ३५ लिटरची. म्हणजे ती माणसाला जवळजवळ २० किलोंनी वर ओढते. तेवढं शिसं कमरेला बांधलं आणि टाकीत पाणी शिरलं, तर तेच शिसं तळाला नेतं. टाकीच्या धातूला चिकटलेला गॅसचा वास धुऊन जात नाही, हे वेगळंच. आणि घरगुती टाकी ही गॅस कंपनीची मालमत्ता असते. तिचा व्हॉल्व्ह खोलणं गुन्ह्यात मोडतं.

“रेग्युलेटर म्हणजे रेग्युलेटर, काम तेच”

या दाव्यात एक दाणा खरा आहे, आणि तो बहुधा मेसेज लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावा. १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गाग्नाँ यांनी जो स्कूबा रेग्युलेटर केला, त्याचं मूळ गाग्नाँ यांच्या एका गॅस रेग्युलेटरमध्येच होतं. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालत, तो त्यासाठी होता. पण मार्न नदीतल्या पहिल्या चाचणीत माणूस उभा राहिला की हवा भसाभस वाया जाई आणि डोकं खाली केलं की ओढताना जड जाई. हवा सोडायचं तोंड आणि आतला पडदा एका पातळीवर आणल्यावर ते सुटलं. थोडक्यात, गॅसचा रेग्युलेटर जसाच्या तसा त्यांच्याही कामी आला नाही.

शेगडीचा रेग्युलेटर बाहेरच्या दाबापेक्षा फक्त ३० मिलिबार जास्त देतो, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब. तो पाठीवर असेल तर पालथं पोहताना तो तोंडापेक्षा वर असतो, म्हणजे पाण्याचा दाब त्याच्यावर कमी. ३० सेंटिमीटरचा फरक पडला की हवा येणंच थांबतं. उताणं झालं की हवा सुटतच राहते. शिवाय तो शेगडीच्या संथ, एकसारख्या ज्योतीसाठी आहे. धापा टाकणाऱ्या माणसाला एका श्वासाच्या ऐन भरात मिनिटाला १०० लिटरपेक्षा जास्त वेग लागतो. तिथे हा घुसमटवतो. आणि उच्छ्वास सोडायला त्यात झडपच नाही.

खऱ्या संचात काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा २०० बारचे भोवतालच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त इतके करतो. दुसरा टप्पा तोंडाशी असतो. तो साधारण ३ सेंटिमीटर पाण्याइतक्या ओढीला उघडतो आणि ओढ थांबली की मिटतो.

“हवा ती हवा, टायरची काय नि माणसाची काय”

सगळ्यात जास्त जीव घेणारं वाक्य हे असावं, कारण ते ऐकायला सगळ्यात पटतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टनला साधं खनिज तेल असतं. त्याची वाफ हवेबरोबर टाकीत जाते. कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडली की निघणारं दुधी पाणी म्हणजे तेच. फुफ्फुसात गेलेलं तेल खोकून बाहेर येत नाही. कॉम्प्रेसरचं हेड जास्त तापलं की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. श्वासाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात मोनॉक्साइडला दहा लाखांत ५ भाग, कार्बन डायऑक्साइडला ५०० भाग आणि तेलाला घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. वर जमिनीवर दहा लाखांत २० भाग ओढून जेमतेम डोकं दुखेल; १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून शरीराला तो ४० सारखा बाधतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. वीज नसली की लोक डिझेल इंजिन विहिरीच्या कठड्याआतल्या टप्प्यावर उतरवतात. धूर खाली साचतो आणि कॉम्प्रेसरची हवा ओढायची बाजू त्याच धुरात असते. थ्री फेज मधेच गेली तर कॉम्प्रेसर बंद. वरची नळी निसटली आणि मधे परतझडप (हवा उलट जाऊ न देणारी झडप) नसली, तर पाण्याखालच्या माणसाच्या तोंडातली हवा उलट वर ओढली जाते, फुफ्फुसासकट.

वरून नळीने हवा देऊन काम करण्याची पद्धत अस्तित्वात आहे, तिला हुका म्हणतात. पण तिच्यात बिनतेलाचा कॉम्प्रेसर, साठ्याची टाकी, गाळण्या, परतझडप आणि माणसाच्या अंगावर छोटी राखीव टाकी, एवढं सगळं लागतं. ते जमवून झालं की सात हजारांची गोष्ट कुठे राहते?

फवारणीच्या नळीबद्दल तासगावच्या बागायतदाराला सांगायला नको. तिच्यातून औषध गेलेलं असतं. कितीही धुतली तरी रबरात मुरलेलं औषध हवेत उतरतं. नवी कोरी नळी घेतली तरी ती श्वासासाठी बनवलेली नसते.

“दवाखान्याचा ऑक्सिजन भरला तर आणखी भारी”

शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरखाली विष आहे. तिथे त्याचा दाब १.६ बार होतो, आणि त्यापुढे कुठलीही सूचना न देता झटके येऊ शकतात. तोंडातली नळी सुटते, माणूस बुडतो. तेलकट जोडाला दाबातला ऑक्सिजन लागला तर जमिनीवरच भडका. पुढचा मुद्दा.

“टाकीच नको, लांब पाइप तोंडात धरा”

१ मीटर खाली पाण्याचा दाब चौरस मीटरवर एक टन असतो. छातीचे स्नायू त्याविरुद्ध जास्त वेळ श्वास ओढू शकत नाहीत. शिवाय २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या ३ मीटर पाइपात जवळजवळ दीड लिटर हवा असते. साधा श्वास अर्ध्या लिटरचा. म्हणजे आपलाच उच्छ्वास परत आत घेत राहायचं. स्नॉर्कल ३५-४० सेंटिमीटरचं असतं ते यासाठी.

“१५-२० फूट म्हणजे काय खोल?”

कृष्णाकाठची पोरं श्वास रोखून एवढ्या खोलीवर सहज सूर मारतात, त्यामुळे हे कुणालाही पटतं. पण त्यांनी छातीत घेतलेली हवा वरची असते. खाली ती दबते, वर येताना मूळ मापावर येते. टाकीतून ओढलेली हवा तळाच्या दाबाची असते. १५ फुटांवर छाती भरून, श्वास रोखून वर आलं की ६ लिटरची हवा पावणेनऊ लिटर व्हायला बघते. फुफ्फुस फाटायला इतकी खोलीही लागत नाही. सव्वा मीटरवरून श्वास रोखून आलेल्यांनाही इजा झालेली आहे. हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत गेला की मिनिटांत खेळ संपतो. म्हणजे ज्याला उत्तम सूर मारता येतो, त्याचीच श्वास रोखायची सवय टाकी पाठीवर आली की घात करते. टाकीच्या हवेवर श्वास कधीच रोखायचा नाही, वर येताना तर नाहीच.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण आपल्या भागाला लागू आहे. पाण्याखाली किती वेळ राहायचं हे सांगणारे तक्ते समुद्रसपाटीसाठी असतात आणि ३०० मीटर उंचीच्या वर ते बदलावे लागतात, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास, कोयनेचा शिवसागर जलाशय भरला की साडेसहाशेच्या वर. तारकर्लीला दिवसभर डायव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी निघणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. एकाच साध्या डायव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डायव्ह झाल्या असतील तर १८ तास खालीच काढावेत.

“सर्व्हिसिंग ही लूट, खोबरेल तेल पुरे”

डिसेंबरात साताऱ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी करून बघा. २४ अंशांखाली ते गोठतं. पहिल्या टप्प्यात हवा २०० बारवरून १० वर येताना तो भाग चांगलाच गार पडतो. तिथे लागतं सिलिकॉन ग्रीस, तेही रिंग नुसती चमकण्यापुरतं. जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला तर ऑक्सिजनसाठीचंच ग्रीस लागतं.

तरी या दाव्यातलं अर्धं बरोबर आहे. घरी करण्यासारखं खूप आहे, आणि ते प्रत्येकाला यायलाच हवं.

वापरल्यानंतर पहिल्या टप्प्याची टोपी घट्ट लावून रेग्युलेटर अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा. भिजत असताना तोंडाकडच्या भागावरचं मधलं बटण दाबू नका, पाणी नळीतून पहिल्या टप्प्यात जातं. विहीर-नदीच्या पाण्यात मीठ नसलं तरी बारीक गाळ असतो. तो उच्छ्वासाच्या रबरी झडपेखाली बसतो आणि श्वासाबरोबर पाण्याचे थेंब यायला लागतात. तपासायला सोपं: टोपी लावून, हवेशिवाय, तोंडाने ओढायचं. ओढ तशीच टिकली पाहिजे. हळूहळू हवा येत असेल तर झडप मुडपलीय किंवा पडद्याला चीर आहे.

टप्प्यांमधला दाब मोजायचा साधा मापक डायव्हिंग जॅकेटमध्ये हवा भरायच्या नळीला लागतो. काटा ९-१० बारवर येऊन स्थिर राहायला हवा. दोन-तीन मिनिटांत तो वर सरकत असेल तर पहिल्या टप्प्याची बैठक झिजली. इथे थांबायचं आणि संच शिकलेल्या तंत्रज्ञाकडे द्यायचा. त्या मॉडेलचा किट, नेमका पिळा आणि नंतरची दाबजुळणी घरी अंदाजाने होत नाही.

ओ-रिंग (जोडातून हवा गळू न देणाऱ्या रबरी रिंगा) घरी बदलता येतात, पण इथेच कामाचा माणूस फसतो. कमी दाबाच्या ३/८ इंची तोंडाला ०११ नंबर, जास्त दाबाच्या ७/१६ ला ०१२, शिकंज्याने (योकने) रेग्युलेटर बसणाऱ्या टाकीच्या तोंडाला ०१४. तिन्हींची जाडी १.७८ मिलिमीटर. एमआयडीसीतल्या दुकानात हमखास २ मिलिमीटरची मिळते, डोळ्याला फरक कळत नाही. आवळताना ती चेपते, कापली जाते, आणि २०० बारला एकदम सुटते. व्हर्नियर लावूनच घ्या. जास्त दाबाच्या जागी ९० कडकपणाच्या नायट्राइल रबराची.

टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका, २०-३० बार असू द्या. दरवर्षी आतून तपासणी, आणि ठरल्या मुदतीत मान्यताप्राप्त केंद्रात पाण्याची दाबचाचणी. तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. टाकीला कडी वेल्ड करणं किंवा रंग भट्टीत भाजणं म्हणजे धातू मऊ करणं.

बनवायचीच हौस असेल तर पाठीची पाटी, म्हणजे जिच्यावर टाकी बांधतात ती, बनवा. ३ मिलिमीटरचा ३०४ स्टेनलेस पत्रा, टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टच्या दोन भोकांमध्ये २७९ मिलिमीटर अंतर, ५० मिलिमीटर रुंद निवारीसारखा नायलॉन पट्टा साधारण ४ मीटर. कडा कानशीने गोल करा, नाहीतर पट्टा कापला जातो. शिशाची वजनंही ओतता येतात: शिसं ३२७ अंशांना वितळतं, साचा ठणठणीत कोरडा हवा, कारण पाण्याचा एक थेंब असला तरी वितळलेलं शिसं अंगावर उडतं. उघड्यावर करा, घरातलं भांडं वापरू नका, आणि वजनांना रंग द्या. या वस्तू बिघडल्या तर चिडचिड होते, श्वास बंद होत नाही.

“पुरात माणसं वाचवायला गावोगावी असा संच हवा”

पुराच्या कृष्णेत हाताची बोटं दिसत नाहीत आणि धार माणसाला उभं राहू देत नाही. अगदी कंपनीचा संच असला तरी तिथे तो कामाचा नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याजवळ तर अजिबात नाही: दोन बाजूंच्या पाण्यात २ मीटरचा फरक असताना बरगा (बंधारा अडवायची फळी) निघून पडलेलं ३० बाय ३० सेंटिमीटरचं एक भोक माणसाला १८० किलोंच्या जोराने धरून ठेवतं. वरून चार जणांनी ओढूनही तो सुटत नाही. आधी पाण्याची पातळी सारखी करावी लागते.

पुरासाठी पैसे घालायचे तर लाइफ जॅकेट आणि फेकायचा दोर घ्या. दोर पॉलिप्रोपिलीनचा, ८ ते १० मिलिमीटर जाड, २० मीटर लांब. हा तरंगतो, नायलॉनचा बुडतो. आणि विहिरीतल्या मोटरसाठी, ती सोडतानाच तिच्या कडीला वेगळा दोर बांधून वरच्या खुंटीला अडकवून ठेवा. पाइप तुटला तरी कुणाला खाली उतरावं लागत नाही.