तिखट कमी केलं की झालं?

लेख छान आहे पण 'परदेशात लहान मुलांबरोबर आपले पदार्थ करताना तिखट कमी केलं की बाकी काही अडचण नाही' हे काय पटलं नाही बघा. मी कोल्हापूरची, जपानमध्ये बालवाडीत इंग्रजी शिकवायला होते, तिथं पोरांबरोबर आपला पदार्थ करायचं ठरलं तर तिखटाचं कुणी विचारलंच नाही, आधी घटकांची यादी द्या म्हणाले. शेंगदाणे, गहू, अंडी, दूध, कोळंबी, खेकडा, सोबाचं म्हणजे कुट्टूचं पीठ हे सगळं तिथं पाकिटावर अ‍ॅलर्जीसाठी लिहावंच लागतं, आणि आपण तर दाण्याचं कूट मीठ टाकल्यासारखं सगळीकडं टाकतो! तुम्ही सुचवलेला पांढरा रस्सा तिखट नसतो हे खरं, पण त्यात काजू तीळ असतात त्याचं काय? त्याबद्दल लेखात एक ओळ पण नाही, आणि अमक्याला काय चालत नाही हे पालकांना आधी विचारून घ्यायला पाहिजे हे पण नाही.

मी शेवटी तांदळाच्या पिठाची भाकरी घेतली, तिथं जोशिन्को म्हणून साधं तांदळाचं पीठ कुठंही मिळतं. उकड मीच काढायची, कोमट झाली की पोरांना एकेक गोळा द्यायचा. हाताला पाणी लावून थापायला लागली की काय विचारू नका, कुणाची मांजर, कुणाची ट्रेन, कडा सगळ्या फाटलेल्या, पण स्वतः थापलेली म्हणून नुसती कोरडी खायची. तव्याजवळ मात्र मी एकालाही येऊ दिलं नाही, तुमच्या फोटोतलं पोरगं गॅसच्या किती जवळ उभं आहे ओ?