‘अठराच्या आतला आहे, सुटणारच’: फिरत्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: “अठराच्या आतल्या मुलाने खून केला तरी जास्तीत जास्त तीन वर्षे, तीही रिमांड होममध्ये. निबंध लिहिला की जामीन. आधार कार्डावर वय कमी करून घेतले की काम झाले. नंतर रेकॉर्डही पुसतात. जगात असे कुठेच नाही. वय सोळावर आणा. पीडिताच्या घरच्यांना तर कोणी विचारतही नाही.” खाली बहुतेकदा एका मुलाचा फोटो आणि त्याच्या इमारतीचे नाव.

आधी त्या फोटोबद्दल. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 प्रमाणे आरोपी असलेल्या, पीडित किंवा साक्षीदार बालकाची ओळख पटेल असा मजकूर कोणत्याही माध्यमातून पसरवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो आधी काढून टाका.

“खुनालाही जास्तीत जास्त तीन वर्षे”

हा दावा 2012 च्या दिल्लीतील बलात्कार-खून प्रकरणातून आला आणि तिथेच अडकून राहिला. तेव्हा 2000 चा कायदा लागू होता आणि त्यात तीन वर्षांच्या वर जाताच येत नव्हते. त्या प्रकरणातल्या अल्पवयीन आरोपीला ऑगस्ट 2013 मध्ये तीन वर्षे विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांसाठीच्या सुधारगृहात) ठेवण्याचा आदेश झाला आणि डिसेंबर 2015 मध्ये तो बाहेर आला. नवा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे, आणि त्याने हे गणित बदलले.

आता गुन्ह्यांचे तीन प्रकार आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा ठरवली आहे तो निर्घृण. भारतीय न्याय संहितेतील खून (कलम 103), बलात्कार (कलम 64), पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 4 आणि 6 मधील गुन्हे यांत येतात. गुन्ह्याच्या दिवशी मुलाने सोळा पूर्ण केली असतील, तर बाल न्याय मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे त्याची क्षमता आणि समज यांची तपासणी, करायचे असते. मंडळाला वाटले की त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालावा, तर प्रकरण बालन्यायालयाकडे जाते. हे सत्र न्यायालयाच्याच पातळीचे न्यायालय असते. तिथे पुन्हा एकदा तोच प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागतो. मंडळाने पाठवले म्हणून न्यायालयाने नुसता शिक्का मारायचा नसतो.

तिथे दोषी ठरला तर शिक्षा प्रौढाच्या कलमाने होते. फाशी देता येत नाही, आणि कधीच सुटका होणार नाही अशी जन्मठेपही देता येत नाही (बाल न्याय अधिनियम, कलम 21). सुटकेची शक्यता असलेली जन्मठेप मात्र देता येते. 21 वर्षांचा होईपर्यंत त्याला ‘सुरक्षित ठिकाणी’ ठेवतात. एकविसाव्या वर्षी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अहवालावरून न्यायालय त्याचे पुन्हा मूल्यमापन करते. तो सुधारला असेल तर देखरेखीच्या अटींवर सोडता येते; नसेल तर उरलेली शिक्षा त्याने साध्या तुरुंगात भोगायची. ‘तीन वर्षांत घरी’ हे या वाटेवर कुठेच बसत नाही.

मेसेजमध्ये खरे काय आहे, तेही सांगायला हवे. गुन्ह्याच्या वेळी मूल सोळाच्या आतले असेल तर खुनालाही विशेष गृहात तीन वर्षे हीच कमाल मर्यादा आहे. सोळा ते अठरामधल्या मुलाचा गुन्हा ‘निर्घृण’ व्याख्येत बसत नसेल तरी तीच. आणि खरा गुंता या दुसऱ्या गटात आहे.

कोयत्याने वार केला, माणूस कसाबसा वाचला. भारतीय न्याय संहितेचे कलम 109, खुनाचा प्रयत्न. दहा वर्षांपर्यंत, जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पण किमान शिक्षा ठरवलेली नाही. म्हणजे हा गुन्हा निर्घृण नाही, गंभीर आहे. घातक शस्त्राने जबर दुखापत, कलम 118(2): किमान एक वर्ष. तोही निर्घृण नाही. पण तोच कोयता दाखवून मोबाइल हिसकावला आणि कलम 311 लागले, तर किमान सात वर्षे, म्हणून निर्घृण! किमान शिक्षा सात वर्षांची नसेल तर गुन्हा निर्घृण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केले आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्यातच लिहिले. ती दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. एखाद्या रागावलेल्या बापाला हे विचित्र वाटले तर त्याचे चुकत नाही. आम्हालाही ही रेषा सदोष वाटते. पण दोष व्याख्येचा आहे, म्हणून ‘मुलांना शिक्षाच नाही’ असे ओरडून तो दुरुस्त होणार नाही.

“निबंध लिहिला की जामीन”

19 मे 2024 च्या पुण्यातील पोर्शे अपघातानंतरचा 300 शब्दांचा निबंध ही जामिनाची एक अट होती. ती शिक्षा नव्हती. अट हास्यास्पद होती, लोक संतापले ते बरोबरच होते, आणि काही दिवसांत मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडले. पुढे जुलै 2025 मध्ये त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची मागणी मंडळाने फेटाळली. सदोष मनुष्यवधाच्या भादंवि (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) कलम 304 ला किमान शिक्षा नव्हती, म्हणजे वर सांगितलेल्या ‘निर्घृण’च्या व्याख्येत तो गुन्हा बसत नव्हता.

जामिनाचा नियम बाल न्याय अधिनियमाच्या कलम 12 मध्ये आहे. बालकाला जामीन द्यायचा, पण तीन कारणांनी नाकारता येतो: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. मंडळाला कारण लेखी द्यावे लागते. टोळीचे संबंध दाखवणारे कागद पोलिसांनी पहिल्याच तारखेला मंडळापुढे ठेवले नाहीत, तर नुसत्या ‘गुन्हा गंभीर आहे’ या वाक्यावर जामीन अडत नाही.

मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, तो 24 तासांच्या आत मंडळापुढे हजर करावा लागतो. ठाणे जिल्ह्यातल्या प्रकरणांत ज्याला लोक रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह भिवंडीला आहे. नवी मुंबईत एक घोळ नेहमी होतो: वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर कामोठे, कळंबोली, खारघर, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय एकच, पण जिल्हे दोन आणि मंडळेही वेगळी. कागद कुठे पाठवायचे हे पहिल्या दिवशी नीट ठरले नाही तर दिवस वाया जातात.

प्राथमिक मूल्यांकन कुठे फसते

मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. सगळे प्रकरण मात्र यावरच उभे असते किंवा पडते. कलम 15 मध्ये मंडळाने तीन गोष्टी पाहायच्या आहेत: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. हजर केल्यापासून तीन महिन्यांत हे संपवायचे. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचे म्हटले, म्हणून ती आरामात ओलांडावी असा त्याचा अर्थ नाही.

प्रत्यक्षात काय होते? तज्ज्ञ मुलाला विचारतो, “चाकूने मारले की माणूस मरतो हे माहीत होते का?” मूल म्हणते, “हो.” बुद्ध्यंकाचा एक आकडा, चार ओळी, अहवाल तयार. असा अहवाल वरच्या न्यायालयात टिकत नाही. गुरुग्रामच्या शाळेतील खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 13 जुलै 2022 रोजी सांगितले की परिणाम म्हणजे फक्त त्या क्षणाचा परिणाम नव्हे. पीडितावर, त्याच्या कुटुंबावर आणि स्वतःच्या पुढच्या आयुष्यावर काय होईल हे कळते का, तेही पाहायचे. मंडळात बाल मानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक नसेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणे सक्तीचे.

पोलिसांचा वाटाही इथेच मोठा आहे. निर्घृण गुन्ह्यात सोळा-अठरामधल्या मुलाबाबत साक्षीदारांचे जबाब आणि तपासाचे कागद एका महिन्यात मंडळाला द्यावेत असे या कायद्याखालचे केंद्राचे आदर्श नियम सांगतात. परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यायला हवा. घरी, शाळेत, शेजारी न जाता फोनवरून भरलेला अहवाल मुलाच्याही कामाचा नसतो आणि पीडिताच्याही.

“आधारवर वय कमी केले की झाले”

आधार वयाचा पुरावा धरला जात नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितले. कलम 94 चा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. हाडांच्या तपासणीत दोन वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात, म्हणून ती शेवटी.

खोट येते ती 1 जूनमध्ये. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या दाखल्यांवर 1 जून हीच जन्मतारीख असते, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि प्रवेश घेताना गुरुजींनी वय बसवलेले असायचे. तारखेची शंका असेल तर मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेशनोंद वही) घेऊन बोलवावे आणि प्रवेशाच्या वेळी ही तारीख कशावरून लिहिली ते विचारावे. दिवा, मुंब्रा, तुर्भे भागातल्या मुलांची पहिली शाळा अनेकदा गावी असते, तिथे माणूस पाठवावा लागतो. हे काम पहिल्या आठवड्यात झाले नाही तर वयाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत जातो, कारण अल्पवयाचा मुद्दा खटला संपल्यावरही मांडता येतो.

“रेकॉर्ड पुसतात”

अर्धे खरे. मंडळाच्या चौकशीत दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे येणारी अपात्रता पुढे लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करतात. पण प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्याला ही सवलत नाही. त्याची नोंद बालन्यायालय जपून ठेवते.

“जगात कुठेच असे नाही”

जर्मनीत 14 ते 17 वयाच्या मुलाला खुनासाठीही जास्तीत जास्त दहा वर्षे. अमेरिकेत अल्पवयीनांची फाशी 2005 मध्येच रद्द झाली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम 37 अल्पवयीनांना फाशी आणि सुटकेविना जन्मठेप दोन्हींना मनाई करते. भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली.

“वय सोळावर आणा”

2022 मध्ये देशात मुले आरोपी असलेले 30,555 गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षी सर्व मिळून नोंद 58 लाखांहून अधिक. पकडलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त सोळा-अठरा वयाची होती, हा आकडा मेसेजच्या बाजूचा वाटेल. पण त्यात मोबाइल चोरीपासून गल्लीतल्या हाणामारीपर्यंत सगळे येते. वय सरसकट सोळावर आणले तर फोन चोरणारा सतरा वर्षांचा पोरगा सराईत गुन्हेगारांशेजारी बसेल. खुनी सतरा वर्षांच्या मुलासाठी वाट आधीच आहे. बदल हवाच असेल तर कलम 109 आणि 118 च्या प्रकरणांतही मंडळाला मूल्यांकनाचा अधिकार द्या, अशी नेमकी मागणी करा. आणि ज्या मोठ्याने त्या पोराच्या हातात कोयता दिला, त्याच्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम 95 लावायला सांगा: किमान तीन, कमाल दहा वर्षे, शिवाय गुन्हा घडला असेल तर त्या गुन्ह्याचीही शिक्षा, जणू तो त्यानेच केला. हे कलम पहिल्या एफआयआरमध्ये नसेल तर मोठा माणूस बाजूला राहतो आणि मूल पुढे येते.

“पीडिताच्या घरच्यांना कोणी विचारत नाही”

विचारत नाहीत, हे बऱ्याचदा खरे. पण रस्ता आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 101 प्रमाणे मंडळाच्या प्राथमिक मूल्यांकनाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. गुरुग्रामच्या प्रकरणात मृत मुलाचे वडीलच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्यावा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद आणि मुलाच्या वयाचा जो काही पुरावा पोलिसांनी दाखल केला असेल त्याची माहिती घेऊन जावे.