आधी गाडी की आधी मोटर?

राजारामपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर फुटबॉल आणि राजकारण सोडलं तर तिसरा विषय फार वेळ टिकत नाही. परवा मात्र चहाची गाडी बंद झाली तरी कोणी उठेना. कारण आमचा इंजिनिअर. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण कट्ट्यावर पहिल्या वर्षापासून त्याचं हेच नाव. त्यानं सांगून टाकलं की कॉलेजमधून लागलेली पुण्याची नोकरी तो घेणार नाही. इलेक्ट्रिक गाडी बनवणार, तीही कोल्हापुरात राहून.

"कसली गाडी?" मास्तरांनी विचारलं. ते ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात.

"दुधवाल्याची."

मग त्यानं हिशोबच मांडला. दुधवाल्याचा रस्ता ठरलेला. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक. गाव ते शहर आणि परत, चाळीस किलोमीटर धरा. मधले सहा-सात तास गाडी दारात उभी, म्हणजे घरच्या प्लगवर चार्ज होते, चार्जिंग स्टेशनची वाट बघत बसायला नको. कॅन लादून किलोमीटरला ३५ वॉट-तास धरले तर एका खेपेला १४०० वॉट-तास, म्हणजे दीड युनिटाच्या आतच. बॅटरीतला लोह-फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा. असे १६ एकामागे एक जोडले की ५१.२ व्होल्ट. ४० अँपिअर-तासाचे घेतले तर दोन युनिटांचा पॅक झाला.

"आरं, पण ई-लुना, विजेवरची लुना, आली की २०२४ लाच," मिस्त्री म्हणाले. त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. "लोक तीच घेतील. तुझी कशाला घेतील?"

"ती आली म्हणजे गिऱ्हाईक आहे हे तर ठरलं ना मिस्त्री?"

"आन् पेटली तर? २०२२ ला पुण्यात भर रस्त्यात स्कूटर जळाली, बघितलीस न्हवं मोबाईलवर? कंपनीची गाडी असून ही गत. तुझी पेटली तर लोक तुला धरतील."

इंजिनिअर इथं अडखळला नाही, हे मला आवडलं. त्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालं. आता एका सेलमध्ये मुद्दाम बिघाड घडवून आग शेजारी कशी पसरते तेही तपासतात. तो म्हणाला, "पॅक मी घरात जोडणार नाही. पास झालेलाच विकत घेणार."

"मग तुझं काय राहिलं त्यात?" मास्तरांनी नेमकं तिथंच पकडलं. "सेल चीनचा. पॅक दुसऱ्याचा. मोटर आणि तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर कुठून आणणार? एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या, मोटरला लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तर आपल्याकडच्या मोठमोठ्या गाडी कंपन्यांची धावपळ झाली. त्यांना गोदामं आहेत, दिल्लीत ओळखी आहेत. तुला एक डबा चुंबक कोण देईल?"

आतापर्यंत फौंड्री गप्प होता. त्याच्या घरची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, त्याच्या आजोबांनी सुरू केलेली. तो एकदम उसळला. "तुम्ही सगळे गाडीचं बोलताय. माझ्या शेडचं कोण बोलणार? आमचं निम्मं काम सिलिंडर ब्लॉक आणि हेडचं. याच्या गाडीत ब्लॉक नाही, हेड नाही, क्रँक नाही, सायलेन्सर नाही. ब्रेक ड्रम आणि हब तेवढे राहतील. ट्रॅक्टर आहे तोवर आम्ही आहोत. पुढं काय? ज्या गाडीनं माझ्या शंभर माणसांचं काम जाणार, तिला मी इथं बसून टाळ्या वाजवू?"

कोणी काही बोललं नाही. त्याचा राग खोटा नव्हता. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत कितीतरी घरं याच ओतकामावर आणि मशीनिंगवर चालतात, आणि आधीच विजेच्या दरानं त्यांची कंबर मोडलेली आहे.

पण मला तिथंच बोलावंसं वाटलं, आणि मी बोललो. कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती, आमचं उद्यमनगर, कशावर उभं राहिलं? शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता आमचे मिस्त्री लोक ती स्वतः बनवायला लागले. कुणी एकदम अख्खं इंजिन काढलं नाही. आधी मोडलेला भाग ओतला, मग दुसरा, मग तिसरा. किट आणायचं, बोल्ट आवळायचे आणि टाकीवर आपलं नाव चिकटवायचं, याला मी गाडी बनवणं म्हणत नाही. २०२३ मध्ये केंद्रानं काही इलेक्ट्रिक दुचाकी कंपन्यांकडे अनुदान परत मागितलं, ते देशी भागांची अट पाळली नाही म्हणूनच. त्या रांगेत आमचा पोरगा उभा राहू नये. इंजिनिअरनं आधी गाडीतला एक अवघड भाग उचलावा. माझ्या मते, मोटर.

"चुंबकाशिवाय?" मास्तर.

"इंडक्शन मोटर!" इंजिनिअर जागेवरून उठलाच. "मास्तर, उसाच्या रानातल्या पंपाला कुठलं चुंबक असतं? स्टेटरला, म्हणजे स्थिर भागाला, तांब्याचं वाइंडिंग; रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, ॲल्युमिनियमचा पिंजरा. वाइंडिंग करणारे आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत."

"पण रोटरमध्येही करंट फिरतो, म्हणजे तिथंही उष्णता. चुंबकाच्या मोटरपेक्षा तुझी मोटर जास्त वीज खाणार, त्याच वजनात जोर कमी देणार. पॅक मोठा लागेल, पैसे वाढतील."

"वाढू देत थोडे. मोटर जोरात फिरवायची आणि गिअरनं वेग उतरवायचा. गिअर कापणारे उद्यमनगरात आहेत. दुधवाल्याला ताशी ऐंशीचा वेग नको, चढावर जोर पाहिजे."

मास्तरांना हे पूर्ण पटलं नाही. कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर बाहेरूनच येणार, हा त्यांचा मुद्दा शेवटपर्यंत उभा राहिला आणि त्याला आमच्यापैकी कोणाकडंच उत्तर नव्हतं. तरीही चुंबकाची एक गाठ सुटते, हे त्यांनी मान्य केलं. माझ्या लेखी एवढंही पुष्कळ आहे. वीस-एकवीस वर्षांच्या पोरानं सगळ्या गाठी एका रात्रीत सोडवाव्यात, अशी अपेक्षा कोण करतं?

फौंड्री मात्र अजून धुमसत होता. "पिंजरा ओतायचा म्हणजे ॲल्युमिनियम. ते ६६० अंशांना वितळतं. मी चौदाशेच्या आसपास लोखंड ओततो, वाळूच्या साच्यात. रोटरला पोलादी डाय, म्हणजे कायमचा साचा, लागेल, दाबाचं मशीन लागेल. एक सळी आत पोकळ राहिली तर मोटर थरथरणार. हे माझ्या शेडचं काम नाही."

"आज नाही," मी म्हणालो. "पण तुझ्याकडं पॅटर्न बनवणारी माणसं आहेत, धातू तपासायची लॅब आहे, सीएनसी आहे. हे याच्याकडं काही नाही. याच्याकडं ड्रॉइंग आहे, आणि बावीस मार्चला परीक्षा संपली की रिकामा वेळ आहे."

फौंड्रीनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग इंजिनिअरकडं वळून विचारलं, "स्टेटर आणि रोटरमध्ये फट किती?"

"अर्ध्या मिलिमीटरच्या आत."

"ती धरायची तर बेअरिंगच्या दोन्ही बैठका एका रेषेत पाहिजेत. एकाच सेटिंगमध्ये बोअर करावं लागेल." तो आता आमच्याशी बोलत नव्हता. "पहिला नमुना डायवर नको. पिंजरा तांब्याच्या सळ्या ठोकून आणि ब्रेझ करून बनव. चालला तर ॲल्युमिनियमचं बघू. मोटरचं घर मात्र मी वाळूत ओतून देतो. ड्रॉइंग घेऊन सोमवारी ये, पण टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडंतिकडं चालेल ते, नीट लिहून आण. कॉलेजसारखं नको."

"आन् मी सांगतो ते पण लिहून घे," मिस्त्री म्हणाले. "चाळीस लिटरचे दोन कॅन म्हंजे नुस्तं दूधच ऐंशी किलोच्या वर. ते दोन्ही बाजूला लोंबकळत्यात, अर्धे रिकामे झाले की डचमळत्यात. माझ्याकडं येणाऱ्या दुधवाल्यांच्या गाड्यांची मागची चेसी तिथंच मोडती, इंजिनात न्हाई. मोटर कसली बी लाव. आधी ती चेसी कशी टिकवणार ते सांग."

इंजिनिअरनं खिशातून पेन काढला आणि कागद मागितला.