पीओई स्विचला लॅपटॉप लावला की जळतो म्हणे!

आमच्या सांगलीच्या दुकानदारांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय, की पीओई स्विच (नेटच्या केबलमधनंच कॅमेऱ्याला वीजही देणारा डबा) बसवू नका, त्याच्या प्रत्येक पोर्टला कायम ४८ व्होल्ट सोडलेले असतात, चुकून लॅपटॉप जोडला की गेलाच, शिवाय नेट स्लो होतं, बिल वाढतं आणि लांबच्या केबलवर कॅमेरा बंद पडतो. मी कॅमेरे बसवायचंच काम करतो, तीन गिऱ्हाइकांनी हाच मेसेज दाखवून काम थांबवलंय, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं जळण्याचं. स्टँडर्डवाला स्विच (८०२.३एएफ, एटी किंवा बीटी असं खोक्यावर लिहिलेलं असतं) आधी विचारतो आणि मगच देतो. केबल लावली की तो आधी २.७ ते १०.१ व्होल्टच्या मधलं अगदी कमी व्होल्टेज सोडून बघतो की पलीकडं साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का. कॅमेऱ्यात, ऑफिसच्या आयपी फोनमध्ये तो मुद्दाम टाकलेला असतो, लॅपटॉपमध्ये नसतो. सापडला नाही तर पॉवर बंदच, डेटा तेवढा चालतो. सापडला तर अजून एकदा विचारतो, बाबा तुला किती वॉट लागतात, आणि मग कुठं ४८ व्होल्ट जातात. कॅमेरा काढून घेतला की अर्ध्या सेकंदाच्या आत परत बंद, त्यामुळं तीच केबल उपसून लॅपटॉपला लावली तरी काही होत नाही, मी रोज लावतो.

मग मेसेज साफ खोटा का? तर नाही ओ, पॅसिव्ह म्हणून एक प्रकार मिळतो, त्यात विचारणं वगैरे काही नाही, २४ किंवा ४८ व्होल्ट थेट वायरवर. स्वस्तातला असला एक मीच २०० रुपये वाचवायला घेतला होता आणि गिऱ्हाइकाच्या राउटरचा पोर्ट उडवला, राउटर पदरचा भरून दिला. पण त्याचं खापर सगळ्या पीओईवर कशाला?

नेट स्लो होण्याचं तर सोडाच. केबलमधल्या वायरी जोडीजोडीनं असतात, डेटा जोडीतल्या दोन वायरींच्या व्होल्टेजच्या फरकातनं वाचला जातो आणि पॉवर दोन्ही वायरींवर सारखीच चढवलेली असते, म्हणजे पॉवरमुळं पडणारा फरक शून्यच. बिलाचं पण तसंच, स्विचवर १२० वॉट लिहिलंय म्हणजे जास्तीत जास्त तेवढं देऊ शकतो, पोर्ट रिकामा असेल तर तिथं काहीच जात नाही, आणि कॅमेरा ॲडॉप्टरवर लावला तरी वॉट खाणारच की. उलट स्विचला एक यूपीएस लावला की लाईट गेली तरी सगळे कॅमेरे चालू.

आता लांबच्या केबलचं, कारण खरी गडबड इथं आहे. मार्केट यार्डात हळदीच्या एका गोडाऊनला रोज सात वाजले की मागचा कॅमेरा बंद, पाच मिनिटांनी चालू, परत बंद. मालक म्हणाले, बघा, मेसेज खराच. दिवसा मात्र चकाचक. अंधार पडला की आयआरचे (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त वॉट ओढतो, तिथंच मेख होती. केबल ८० मीटर, वरचं आवरण सोललं आणि ब्लेडनं तार खरवडली तर आत पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट, व्होल्ट वाटेतच गळणार. स्टँडर्डनं तांब्याच्या १०० मीटरचं गळणं आधीच धरलंय, २००३ च्या एएफमध्ये पोर्टला १५.४ वॉट आणि पलीकडं १२.९५ ची हमी, मधले अडीच केबलचे. तांब्याची कॅट-६ (नेटची चांगली केबल) ओढली, स्विच तोच, कॅमेरा तोच, त्यानंतर एकदाही बंद नाही.

मेसेजच्या शेवटी वळवाच्या पावसात सगळं उडतं असंही लिहिलंय, त्यात मात्र तथ्य आहे. पण आवारातल्या खांबावर उघड्यावरनं तांब्याची केबल नेली की पीओई असो वा ॲडॉप्टर, वीज जवळपास पडली तर पोर्ट जाणारच. खांबापर्यंत फायबर (काचेच्या तंतूची केबल, तिच्यातनं वीज वाहत नाही) न्या आणि तिथंच छोटा स्विच लावा, दोन वर्षांपूर्वी मिरजेत एकाकडं असंच केलंय, अजून एकही पोर्ट गेला नाही.