मत जमिनीला होतं, शिक्षणाला नव्हे

परवा रात्री जेवणं झाल्यावर आईचा फोन आला. आवाज पडलेला. “चौथी शिकलेल्या बाईनं मत द्यायला नको होतं का गं?” आई 1971 पासून मतदान करतेय, एकही निवडणूक तिने चुकवलेली नाही. हे तिच्या डोक्यात आलं घरच्या ग्रुपवर दादाने पुढे ढकललेल्या मेसेजमधून. “अमेरिका महासत्ता का झाली?” असा त्याचा मथळा. मला तो आतापर्यंत चार ठिकाणांहून आलाय आणि चारही वेळा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

मेसेज म्हणतो: अमेरिकेच्या संस्थापकांनी फक्त शिकलेल्यांनाच मताचा हक्क दिला. पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याला सगळ्या जनतेने एकमताने निवडलं. तेव्हा पक्ष नव्हते, भांडणं नव्हती. वॉशिंग्टनने कधी पगार घेतला नाही. त्याने गुलामांना मुक्त केलं. आणि शेवटी, “आपण मात्र सरसकट सगळ्यांना मत देऊन बसलो.”

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे आणि आईला लागला तोही तोच. अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली 1787 मध्ये. तिच्या पहिल्या कलमाचा दुसरा विभाग काढून वाचा. आपापल्या राज्याच्या विधिमंडळातल्या मोठ्या सभागृहासाठी ज्याला मत देता येतं, त्याला प्रतिनिधिगृहासाठीही (म्हणजे देशाच्या संसदेच्या खालच्या सभागृहासाठी) देता येईल, एवढंच तिथे म्हटलंय. म्हणजे मत कोणाला, हे राज्यांनी ठरवायचं. शाळा, परीक्षा, लिहिता-वाचता येणं, यातली एकही अट त्या अख्ख्या घटनेत नाही.

आणि राज्यांनी काय पाहिलं? जमीनजुमला. व्हर्जिनियात 25 एकर जमीन आणि तीवर घर असलं की मत, मग मालक अंगठेबहाद्दर का असेना. पेनसिल्व्हेनियात कर भरला की पुरे. व्हरमाँटने 1777 मध्येच मालमत्तेची अट काढून टाकली. न्यू जर्सीच्या 1776 च्या घटनेत तर 50 पौंडांची मालमत्ता असलेले “सर्व रहिवासी” असे शब्द होते, त्यामुळे तिथे बायकाही मत देत होत्या. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसायची, म्हणून त्या बहुतेक अविवाहित किंवा विधवा. 1807 मध्ये कायदा करून त्यांचा हक्क काढून घेतला. काढून घेताना कोणी त्यांची इयत्ता विचारली नव्हती. खुद्द वॉशिंग्टन कधी कॉलेजात गेला नव्हता.

तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं, हे खरं. मेसेजमधला तेवढा अर्धा भाग मान्य. पण ज्यांना नव्हतं ते अडाणी म्हणून नव्हे, तर भूमिहीन, काळे किंवा बाई म्हणून. साक्षरतेची अट पहिल्यांदा आली 1855 मध्ये, कनेक्टिकटमध्ये, आयरिश स्थलांतरितांना रोखायला. पुढे 1890 पासून दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांची मतं बंद पाडायला तीच अट वापरली आणि ती मोडायला 1965 चा मताधिकार कायदा यावा लागला. ज्या अटीचं हा मेसेज कौतुक करतोय, तिचा अमेरिकेतला इतिहास हा असा आहे. न्यूयॉर्कने 1821 मध्ये गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट सोडली आणि काळ्या पुरुषांसाठी 250 डॉलरची ठेवली. यात शिक्षण कुठे आलं?

जनतेने एकमताने निवडलं, हेही तसंच. 1789 मध्ये मतं दिली 69 निर्वाचकांनी, म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्यांनी ठरवलेल्या प्रतिनिधींनी, आणि त्या सगळ्यांनी वॉशिंग्टनला दिली, एवढं बरोबर. पण काही राज्यांत हे निर्वाचकही लोकांनी निवडलेले नव्हते, विधिमंडळाने नेमले होते. न्यूयॉर्कला तर आपले निर्वाचक वेळेत ठरवताच आले नाहीत.

भांडणं नव्हती म्हणे! 1798 मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा राजद्रोहाचा कायदा झाला. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन त्याखाली चार महिने आत होता आणि मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. 1800 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थॉमस जेफरसन आणि ॲरन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी 73 मतं पडली, निकाल लागायला प्रतिनिधिगृहात 36 वेळा मतदान घ्यावं लागलं. याच बरने 1804 मध्ये उपाध्यक्ष असताना द्वंद्वात वॉशिंग्टनचा अर्थमंत्री राहिलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी घातली.

पगाराचं थोडं खरं आहे. युद्धात सेनापती असताना वॉशिंग्टनने पगार घेतला नाही, फक्त खर्च घेतला. अध्यक्ष झाल्यावरही नको म्हणाला होता. पण काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, वर्षाला 25,000 डॉलर ठरवले आणि ते त्याने घेतले.

आता गुलाम. 1790 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 39 लाख, त्यातले जवळजवळ 7 लाख गुलाम. घटनेच्या त्याच पहिल्या कलमात प्रतिनिधिगृहातल्या जागांच्या हिशोबासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली आहेत. वॉशिंग्टनने स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावं असं मृत्युपत्रात लिहिलं, हे खरं. पण तो अध्यक्ष असताना 1790 पासून राजधानी पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात होती. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला की पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने मोकळा व्हायचा. म्हणून सहा महिने भरायच्या आत वॉशिंग्टन आपल्या घरच्या गुलामांना राज्याबाहेर पाठवायचा आणि परत आणायचा. त्याच घरातून 1796 मध्ये ओना जज ही तरुण मुलगी पळाली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणायला त्याने माणसं पाठवली. ती आली नाही. 1848 मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळालेली गुलामच होती.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती गुलामी मोडल्याबद्दल, आणि ती मोडली 1865 मध्ये, वॉशिंग्टन जाऊन 65 वर्षं उलटल्यावर.

दादा, हे मी आईला फोनवर वाचून दाखवलंय. तू तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलास, तिथे तिथे हेही टाक.