आवाज येतोय, चित्र नाही

टीव्हीचा आवाज येतोय पण चित्र गेलंय? घाबरू नका. आधी त्याला एक सणसणीत ठेवून द्या. डाव्या अंगाला, जरा वरच्या बाजूस, तळहात पसरून.

ही विद्या आपल्याला वाडवडिलांकडून आली आहे. जुन्या डब्याच्या टीव्हीत एखादा सोल्डर कच्चा राहिलेला असायचा. दणका बसला की ते वीस-पंचवीस किलोचं धूड थरथरायचं, सुटलेला सांधा पुन्हा टेकायचा आणि बातम्या देणाऱ्या बाई परत हजर! म्हणजे तेव्हाच्या मारण्यामागं शास्त्र होतं. आजचा टीव्ही पोह्याच्या पापडासारखा, दणक्यानं पडदाच तडकायचा. पण म्हणून काय रीत मोडायची?

दणक्यानं भागलं नाही तर घरातलं सगळ्यात हलकं माणूस गच्चीवर चढवा. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, तेव्हापासून ही रीत घरोघर पसरत गेली. वरच्यानं अँटेना धरून ओरडायचं, "आलं का?" खालच्यानं खिडकीतून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! मगाशी होतं तिथंच धर!" मगाशी कुठं होतं हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसायचं. पडद्यावर मुंग्या, अँटेनावर कावळा आणि मधल्या जिन्यात निरोप पोचवायला आम्ही पोरं. आता अँटेना जाऊन छत्री आली. तरी भाच्याला वर पाठवाच. पावसाळ्यात तर आवर्जून पाठवा, कारण जोराचा पाऊस लागला की छत्रीकडे येणारा सिग्नल वरच्या वरच थेंबांत जिरतो आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. आता ही पाटी वाचता येतेय त्याअर्थी पडदा ठणठणीत आहे, पाऊस ओसरला की सगळं आपोआप येईल, असला सरळ विचार मात्र मनात आणू नका. भाचा भिजला पाहिजे.

मग रिमोटकडे वळा. घरात दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा, एक सेट टॉप बॉक्सचा. दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. दोन्हीवरची सगळी बटणं एकेकदा दाबा. त्यात कुणीतरी ‘सोर्स’चं बटण दाबतंच आणि जो आवाज इतका वेळ सुरू होता, तोही जातो. छान. आता बिघाड पूर्ण झाला. सेल काढा, तळहातावर चोळा, उलटे-सुलटे करून पुन्हा घाला. सेल दातानं चावायचा उपाय आमच्या आत्याचा. तिच्या रिमोटला मात्र गुण येतो, का ते विचारू नका.

एवढं झाल्यावर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आमच्याकडे हे झालं तेव्हा त्या गोड आवाजाच्या मुलीनं टीव्ही न बघताच निदान केलं, "सर, पॅनेल गेलंय." पॅनेलची किंमत टीव्हीपेक्षा अडीच हजारानं कमी. मी "बरं" म्हणालो. तुम्हीही "बरं"च म्हणा; भाव करायला ही काही मंडई नाही.

चौकातल्या रिपेअरीवाल्याकडे चुकूनही जाऊ नका. त्याचं दुकान म्हणजे साडेसहा फुटी बोळ, भिंतीला उघडे टीव्ही टेकलेले, सोल्डरच्या धुराचा वास, बसायला उलटा ठेवलेला स्टॅबिलायझर. अशा माणसाला काय कळणार? तो फोनवरच म्हणाला, "दादा, खोलीतला दिवा घालवा, मोबाईलची बॅटरी पडद्याला तिरकी धरा आणि जवळून बघा. पुसट चित्र दिसतंय का?" धरली. दिसलं! अंधारात, गढूळ पाण्याखाली हलावं तसं, पण माणसं चालत होती. त्याचं म्हणणं असं की पडदा स्वतः उजेड देत नाही, मागच्या एलईडीच्या पट्ट्या देतात. गणपतीच्या आराशीतल्या जुन्या माळेसारख्या त्या एकापुढे एक जोडलेल्या; तीन व्होल्टचा एक मणी उडाला की अख्खी माळ काळोखात. चित्र असतं, दिवा नसतो. पट्ट्या बदलल्या की झालं.

इतकं सोपं असूच शकत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय त्यानं वर विचारलं, "ब्राइटनेस शंभरावर ठेवला होता का?" अर्थात ठेवला होता! शोरूममध्ये जसा झगझगत होता तसाच घरी नको? दिवसाचे चौदा तास तसाच ठेवायचा, बघायला कुणी असो वा नसो. पट्ट्या जास्त तापून लवकर मरतात म्हणे. मरू देत. सत्तरवर आणला तर शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं काही बरं चाललेलं नाही.

त्यापेक्षा मोबाईलवर व्हिडिओ लावून टीव्ही स्वतःच उघडा. व्हिडिओतला माणूस सुरुवातीलाच सांगतो की वायर काढली तरी पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट काही काळ साठून राहतो, हात लावू नका. तेवढा भाग पुढे ढकला, जाहिरात समजून. आमच्या मेहुण्यांनी ढकलला. ते आता कोपरापर्यंतचा किस्सा फार रंगवून सांगतात. टीव्ही बंद करताना दोन स्क्रू उरले, ते देवघरातल्या वाटीत आहेत.

पट्ट्या अजून बदललेल्या नाहीत, कारण मध्येच भारत-ऑस्ट्रेलिया सामना आला. सामना सोडवेना आणि मेहुण्यांना पुन्हा हात लावू द्यायची आईची तयारी नव्हती. शेवटी दिवे घालवले. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टूल टाकलं, त्यावर दोन भाचे, हातात मोबाईल. बॅटरीचा उजेड पडेल तेवढाच वाटोळा तुकडा दिसायचा, म्हणून चेंडू जाईल तिकडे उजेड न्यायचा. बोलर पळत आला की एक भाचा त्याच्याबरोबर सरकायचा, दुसरा बॅट्समनवर. फटका बसला आणि दोन्ही बॅटऱ्या चेंडूच्या शोधात पडदाभर सैरावैरा.

"अरे सीमारेषेवर मार! सीमारेषेवर!" बाबा ओरडले.

"कुठल्या बाजूला, आजोबा?"

"मगाशी होता तिथंच धर!"

कॅच सुटला की घेतला, ते प्रेक्षकांच्या आवाजावरून कळलं.