‘धर्माच्या गायी’ म्हणणाऱ्या वाचकांना: मलावीच्या लशींबद्दल

नमस्कार. आफ्रिकेतल्या मलावी देशात मुदत संपली म्हणून जाळलेल्या कोविड लशींवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मतभेद असू द्या, पण ‘एसीत बसून आफ्रिकेचं रडगाणं गाणारे’ हे कशासाठी? शीतसाखळीच्या, म्हणजे लशी थंड ठेवून टोचण्याच्या जागेपर्यंत पोचवण्याच्या कामात माझी सोळा वर्षं गेली. लशीची मुदत म्हणजे काय, हे मला शिकवायच्या सुरात सांगायची गरज नव्हती.

तारखेची तुमची दुरुस्ती मान्य. लशी जाळल्या 19 मे 2021 ला, मी एप्रिल लिहिलं होतं. 13 एप्रिलला त्यांची मुदत संपली होती. लेखात बदल केलाय.

आता फुकट मिळालेल्या गोष्टीत खोट काढू नये, असं सुनावणारं तुमचं ते वाक्य: ‘धर्माच्या गायी आणि दात का गे नाही! फुकटच्या लशी वेळेत टोचता आल्या नाहीत, त्यात जगाचा काय दोष?’

फुकटच्या कुठल्या? मलावीत आलेला तो साठा मुळात दक्षिण आफ्रिकेचा. तिनं पुण्याच्या सीरम या लस कंपनीकडून अॅस्ट्राझेनेका लशीचे 10 लाख डोस घेतले, डोसला 5.25 डॉलर मोजून. त्याच अॅस्ट्राझेनेका लशीला युरोपीय संघ सुमारे 2.15 डॉलर देत होता. कारण दिलं गेलं की श्रीमंत देशांनी संशोधनात पैसा घातला होता. लशीची चाचणी दक्षिण आफ्रिकेतल्या स्वयंसेवकांवरही झाली होती, ते मात्र दर ठरवताना कुणी धरलं नाही. तिथल्या विषाणूच्या नव्या प्रकारावर ही लस सौम्य आजारात फारशी चालत नाही असं दिसल्यावर हा साठा आफ्रिकी संघाकडे गेला, आणि आफ्रिकेतल्याच एका मोबाईल कंपनीच्या देणगीतून इतर देशांत वाटला गेला. ही असली धर्माची गाय!

मलावीला त्यातले 1 लाख 2 हजार डोस 26 मार्चला मिळाले. हातात दिवस उरले 18. त्यात गुड फ्रायडे ते ईस्टर सोमवार असे चार दिवस सुट्टीचे. राजधानीच्या कोठारात उतरवायचं, बॅच नोंदवायची, जिल्ह्याला पाठवायचं, तिथून आरोग्य केंद्राला, आणि सगळीकडे 2 ते 8 अंश सांभाळायचं. दहा डोसांची व्हायल (कुपी) एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणजे दहा माणसं एकाच वेळी हजर हवीत. त्याच महिन्यात युरोपातले देश रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीनं ही लस थांबवत होते, त्या बातम्या मलावीतही पोचत होत्या.

आणि खरी मेख इथे आहे. कोव्हॅक्सचे, म्हणजे गरीब देशांना लस पोचवणाऱ्या जागतिक योजनेचे, 3 लाख 60 हजार डोस मलावीत 5 मार्चलाच आले होते. कोठाराचा नियम असा की ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं. इथे मागून आलेला माल आधी संपणारा निघाला. सुरू असलेली मोहीम अडवून नवा साठा पुढे घालायचा, फ्रीजमधली मांडणी बदलायची, याद्या पुन्हा करायच्या. दोन डोसांत 8 ते 12 आठवड्यांचं अंतर असताना या बॅचमधून दुसरा डोस देणं तर शक्यच नव्हतं.

एवढं असून वाया गेले 19,610. म्हणजे 80 टक्के डोस अडीच आठवड्यांत टोचले. तुम्ही याला गलथानपणा म्हणता? एखाद्या जिल्हा लस भांडारात एक दिवस उभे राहा, मग बोलू.



दान केलेली लस पोचताना निदान 10 आठवड्यांची मुदत शिल्लक हवी, 4 आठवडे आधी कळवायला हवं, सिरिंजही सोबत हव्यात, हे कोव्हॅक्स आणि आफ्रिकेच्या संस्थांनी जाहीरपणे मागितलं ते 29 नोव्हेंबर 2021 ला. मलावीत 18 दिवसांचा माल उतरून तेव्हा आठ महिने झाले होते. पुढच्याच महिन्यात नायजेरियानं राजधानी अबुजात 10 लाखांहून जास्त मुदतबाह्य डोस नष्ट केले. तेही आळशीच होते, असं लिहिणार असाल तर आधी ते डोस किती दिवसांची मुदत उरलेली असताना पोचले, ते बघा.